सामन्यांचे फोटो-व्हिडिओ १४ टीबी साठलेत, पण हवा तो फोटो वेळेवर सापडत नाही

निदानरेषा
नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही सहा जण आमच्या जिल्ह्यात कबड्डी आणि खो-खोच्या स्पर्धांचं चित्रण करतो. पगारी कोणी नाही. दोघं लग्नाचे फोटोग्राफर, एक शाळामास्तर, बाकीचे हौशी. जिल्हा निवड चाचणी, किशोर, कुमार, वरिष्ठ गट, गावोगावच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा, बोलावलं तिथे जातो. २०११ पासूनचा माल तेरा हार्ड डिस्कवर आहे. लोखंडी कपाटात एकावर एक ठेवलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पेनने लिहिलेलं ‘कबड्डी ३’, ‘मिक्स’, ‘मिक्स नवीन’.

१९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनी ५४-३६. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. त्या रात्री पावणेदहाला ओळखीच्या वार्ताहराचा फोन आला: संघातल्या आपल्या खेळाडूंचे जुन्या राज्य स्पर्धांतले फोटो तुमच्याकडे नक्की असतील, साडेअकरापर्यंत पाठवा. नक्की होते. मी स्वतः खांबाशेजारी बसून काढले होते. आम्ही तिघांनी रात्री दोनपर्यंत डिस्क लावून-काढून पाहिल्या. फोटो सापडले तिसऱ्या दिवशी, ‘मिक्स’मध्ये, ‘न्यू फोल्डर (२)’ नावाच्या फोल्डरात. पान तर तेव्हाच छापून गेलं होतं.

त्या मुला-मुलींचं कोवळ्या वयातलं खेळणं आमच्याकडे आहे आणि ते कुणाला दाखवता येत नाही, हे मला फार लागलं आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? साधारण पन्नास हजारांपर्यंत खर्च करू शकतो.

रातपाळी
मी पुण्यात दैनिकाच्या फोटो डेस्कवर बावीस वर्षं काढली. तुमचा फोन करणारा वार्ताहर आमच्यासारख्याच कुणाच्या तरी सांगण्यावरून फोन करत होता, त्यामुळे दुसऱ्या टोकाची घाई मला ठाऊक आहे.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी सांगा, त्या फोटोंना ओळी, म्हणजे कॅप्शन, होत्या का? फोटोच्या आत, फाइलमध्येच लिहिलेल्या? नसतील तर लाखाचं सॉफ्टवेअरही तुम्हाला ‘न्यू फोल्डर (२)’च दाखवणार. शोधणारं यंत्र अक्षरं शोधतं. अक्षरंच नसतील तर ते काय करील?

वृत्तसंस्था यासाठी आयपीटीसी नावाची ठरलेली रकान्यांची पद्धत वापरतात: मथळा, ओळी, शहर, तारीख, छायाचित्रकार, शोधशब्द. हे सगळं जेपेगच्या पोटात बसतं आणि फाइल जाईल तिथे सोबत जातं. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल असेल तर ही माहिती ठेवणारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल शेजारी तयार होते. ती हलवताना मागे राहू देऊ नका.

आता ओळी कधी लिहायच्या? त्याच दिवशी, मैदानावर, शक्य तर मध्यंतरातच. घरी जाऊन लिहू म्हटलं की ते राहतं. आणि तिसऱ्या दिवशी सात नंबरचा मुलगा कोण होता हे काढणाऱ्यालाही आठवत नाही.

एक युक्ती देतो, बिनखर्चाची. प्रत्येक सामन्याचा पहिला फोटो गुणलेखकाच्या टेबलावर काढायचा: भरलेलं गुणपत्रक, दोन्ही संघांची नावं, चेस्ट नंबर वाचता येतील असा जवळून. शेवटचा फोटोही तिथेच, अंतिम गुण आणि पंचांच्या सह्यांसकट. कार्डावर एका गुणपत्रकापासून दुसऱ्या गुणपत्रकापर्यंत जे काही आहे तो एक सामना. फोल्डर चुकलं, डिस्क बदलली, तरी कोण कुणाशी खेळलं हे फोटोच सांगतो. आमच्या डेस्कवर ज्या मुलांनी ही सवय लावून घेतली त्यांचे दहा वर्षांपूर्वीचे फोटोही दोन मिनिटांत निघतात.

तांबडीमाती
रातपाळींना अनुमोदन. पण त्या तेरा डिस्कचं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. प्रत्येक डिस्कची दुसरी प्रत आहे ना?

निदानरेषा
नाही. दोन डिस्कची आहे. बाकी एकेकच.

तांबडीमाती
मग बाकी सगळं थांबवा आणि आधी प्रती करा. कुस्तीच्या मैदानांचं माझं सहा वर्षांचं चित्रण एकाच डिस्कवर होतं. ती टेबलावरून फरशीवर पडली. हातभर उंचीवरून, जास्त नाही. लावली की आतून टिकटिक आवाज यायचा. दुरुस्तीवाल्याने निम्म्याहून कमी फाइली परत दिल्या. त्यात एका वस्तादांची शेवटची जाहीर मुलाखत होती, ती गेली. ते आता हयात नाहीत, म्हणजे ती कायमची गेली.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ हा हिशेब पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे क्लाउडच असं नाही. तुमच्या सहा जणांतल्या एकाचं घर दुसऱ्या गावात असेल तर तिथलं कपाट चालेल. दर तीन महिन्यांनी डिस्कची अदलाबदल करा. चार डिस्कांचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा साठवणीचा डबा घेतलात तर एक डिस्क बिघडली तरी माल वाचतो, पण चुकून डिलीट केलेलं फोल्डर तो चारही डिस्कांवरून एकदमच पुसतो. त्यामुळे तो डबा ही एकच प्रत धरा.

आणि कॉपी करताना पडताळणी चालू ठेवा. विंडोजवर टेराकॉपी वापरा, लिनक्स किंवा मॅकवर आरसिंक. मूळ फाइल आणि नक्कल यांचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, जुळला की मगच कार्ड फॉरमॅट. भरलेली कार्डं एका खिशात आणि रिकामी दुसऱ्या, हे सहाही जणांचं सारखंच हवं. आमच्यात एकाने ‘रिकामं असेल’ म्हणून भरलेलं कार्ड फॉरमॅट केलं होतं. लगेच बाजूला ठेवलं, त्यावर काही नवीन काढलं नाही, म्हणून फोटोरेक या फुकट साधनाने जवळपास सगळं परत आलं.

जागेचा अंदाज तोंडी काढायची रीत: व्हिडिओचे सेकंदाचे मेगाबिट गुणिले ०.४५ म्हणजे तासाला किती जीबी. ५० मेगाबिटला साडेबावीस जीबी. चार दिवस, दोन मॅट, साठ सामने, सामन्याला तास धरला तर १,३५० जीबी. एका स्पर्धेचे! त्याच साठ तासांची २ मेगाबिटची हलकी नक्कल ५४ जीबीत बसते. शोधायला, प्रशिक्षकांना द्यायला हलकी नक्कल, आणि मूळ माल कपाटात.

मध्यरेषा
वाचनखूण साठवली. आमच्या तालुका संघाचीही हीच परिस्थिती आहे.

निदानरेषा
मनापासून आभार. प्रतींचं काम आजच सुरू केलं, चार मोठ्या डिस्क मागवल्या, पन्नासातले बरेचसे त्यातच गेले. हरकत नाही.

एक अडचण. आम्हाला ओळी मराठीतच लिहायच्या आहेत. गावातले खेळाडू, त्यांचे आईवडील, वर्तमानपत्रं, सगळी मराठी वाचणारी. पण चाचणी म्हणून लिहिलेल्या शंभर फोटोंत काहींचं शहराचं नाव अर्धवट दिसतंय आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतोय.

जोडाक्षर
शहर छत्रपती संभाजीनगर आहे का?

निदानरेषा
हो! कसं ओळखलंत?

जोडाक्षर
आयपीटीसीच्या जुन्या साच्यात शहराच्या रकान्याला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘छत्रपती’ म्हणजे सात चिन्हं, २१ बाइट. मोकळ्या जागेचा एक, झाले २२. पुढे ‘संभ’चे नऊ, ३१. उरलेल्या एका बाइटमध्ये काना मावत नाही, त्याचा तुकडा पडतो आणि तुम्हाला चौकोन दिसतो. पूर्ण नावाला ४९ बाइट लागतात.

उपाय सोपा आहे. हीच माहिती नव्या एक्सएमपी साच्यातही लिहिता येते, तिथे ही मर्यादा नाही. तुमचं सॉफ्टवेअर तिथे लिहितंय ना आणि वाचताना आधी तेच वाचतंय ना, एवढं तपासा. डिजिकॅम फुकट आहे, मराठी नीट सांभाळतं, चौदा टीबीला पुरेल. मात्र त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन माहिती फाइलमध्येही लिहायला सांगा. नुसती डेटाबेसमध्ये ठेवू नका. माझ्या एका मित्राने चार वर्षं इमानेइतबारे ओळी लिहिल्या, त्या सगळ्या लॅपटॉपवरच्या एकाच कॅटलॉग फाइलमध्ये होत्या. लॅपटॉप चोरीला गेला. फोटो डिस्कवर शाबूत होते, पण सगळे मुके.

शोधाबद्दल एक सांगतो, हे कुणी सांगत नाही. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ घेतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. एकाने एका प्रकारे लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे शोधलं तर फोटो मिळणार नाही. गोऱ्हे, वऱ्हाडे, कुऱ्हाडे, सगळ्यांचं तेच. त्यात कराड लिहिणारे वेगळे. म्हणून नावं प्रत्येकाने हाताने टाइप करायची नाहीत. गावांची आणि खेळाडूंची एकच यादी करा आणि सहाही जणांनी तिच्यातूनच उचला.

जुने फोटो डीटीपीच्या काळातले असतील तर ओळी श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फाँटात असण्याचा संभव आहे. फाँट नसेल तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्या फेकू नका, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात. आणून मग एकदा डोळ्यांखालून घाला, रफार हमखास घसरलेला असतो.

रातपाळी
जोडाक्षरांनी यादीचं म्हटलं, त्याला जोडून. फोटो मेकॅनिक या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कोड रिप्लेसमेंट’ आहे. साधी मजकूर फाइल करायची: एका बाजूला कोड, टॅब, दुसऱ्या बाजूला पूर्ण नाव आणि संघ. ओळी लिहिताना संघाचं अक्षर आणि चेस्ट नंबर टाइप केला की पूर्ण नाव आपोआप उमटतं. जगभरचे खेळाचे फोटोग्राफर याच जोरावर मध्यंतरात फोटो पाठवतात. पैसे नसतील तर एस्पान्सो हे फुकट साधन जवळजवळ तेच काम करतं. कबड्डीच्या संघात बारा नावं, दोन संघ चोवीस. गुणपत्रक हाती आलं की पाच मिनिटांत फाइल होते.

खेळाडूला कायमचा एक क्रमांकही द्या. एकाच तालुक्यात एकाच नावाआडनावाचे दोघं असतात. मुलींची आडनावं लग्नानंतर बदलतात आणि मग त्यांचंच किशोरी गटातलं खेळणं त्यांच्या नव्या नावाने शोधलं तर निघत नाही. कितीतरी चांगल्या खेळाडू आमच्या संग्रहातून अशा अर्ध्यावर नाहीशा झाल्या आहेत. क्रमांक एकच ठेवा, त्याखाली दोन्ही नावं.

चढाईपट्टी
मी कुमार गटाचा प्रशिक्षक आहे. मला फोटो नकोत, व्हिडिओ हवेत, आणि पूर्ण सामना बघायला वेळ नसतो. अमुक चढाईपटूच्या तिसऱ्या चढाया, डाव्या कोपऱ्याच्या पकडी, असं हवं असतं. चढाई तीस सेकंदांची, म्हणजे चाळीस मिनिटांच्या सामन्यात ऐंशीच्या आसपास चढाया. गुणलेखक प्रत्येकीची नोंद करतोच. व्हिडिओच्या पहिल्या चढाईची वेळ गुणपत्रकाला जोडली तर अर्धं काम झालं. मी वहीत लिहितो: मिनिट, चढाईपटूचा नंबर, निकाल. दोन मुलं आळीपाळीने बसवली की सामना चालू असतानाच नोंद पुरी होते. त्या वहीचा फोटो व्हिडिओच्या फोल्डरात टाका, आम्हाला तेवढं पुरतं.

आणि माझी विनंती, साखळी सामने डिलीट करू नका. अंतिम सामना सगळेच ठेवतात. मुलगा बिघडतो कुठे आणि सुधारतो कुठे ते साखळीत दिसतं.

निदानरेषा
चढाईपट्टी, आमच्याकडे फोटो आणि व्हिडिओ एकत्र लावले की जुळतच नाहीत. रात्री सातच्या सामन्याचा व्हिडिओ दुपारच्या फोटोंमध्ये जाऊन बसतो. सामने रात्री बारापुढे गेले की व्हिडिओ चक्क आदल्या दिवसात जातात.

जोडाक्षर
साडेपाच तासांचा फरक आहे ना? एमपी४ फाइलच्या आत वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची पद्धत आहे. फोटोत मात्र घड्याळातली स्थानिक वेळ असते. पंधरा तारखेला रात्री साडेबाराला काढलेला व्हिडिओ चौदा तारखेच्या संध्याकाळी सातचा दिसतो. मोबाइल ही पद्धत पाळतात, काही कॅमेरे स्थानिक वेळच लिहितात, म्हणून सगळ्यांना सरसकट साडेपाच तास पुढे ढकलू नका. प्रत्येक यंत्राची एकेक फाइल तपासा, मग एक्झिफटूल या साधनाने त्या-त्या यंत्राचे सगळे व्हिडिओ सरकवा. पुढच्या स्पर्धेपासून सहाही कॅमेऱ्यांनी सकाळी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढावा, सेकंद दिसतील असा. कुणाचं घड्याळ किती पुढेमागे आहे ते त्यावरून कळतं.

फाइल नंबरांवर तर विसंबूच नका. ९९९९ झाले की कॅमेरा पुन्हा १वर येतो. वर्षभरात एकाच नावाचे दोन फोटो होतात आणि एक दुसऱ्यावर चढतो. कॉपी करतानाच नाव बदला: आधी वर्ष, महिना, दिवस, मग खेळ, गाव, फोटोग्राफरची आद्याक्षरं, नंबर.

किशोरी_पालक
मी रोज वाचते, कधी लिहीत नाही. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, खो-खो खेळते. तुम्ही सगळे मनापासून काम करताय ते दिसतंय. पण एक विचारायचं आहे. नाव, शाळा, गाव, वय हे सगळं फोटोच्या पोटात लिहिणार आणि तो फोटो सगळीकडे जाणार. मागच्या वर्षी मुलीचा सूर मारतानाचा फोटो कुणीतरी कापून भलत्याच पानावर लावला होता. ती पंधरा दिवस मैदानावर गेली नाही.

निदानरेषा
ताई, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. माफ करा.

रातपाळी
ताईंचं म्हणणं अगदी रास्त आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. प्रवेश अर्जासोबत संमतीचा कागद घ्या. संग्रहातल्या मूळ फाइलीत पूर्ण माहिती ठेवा, बाहेर देताना वेगळी नक्कल काढा: नाव, संघ, स्पर्धा एवढंच. शाळा आणि जन्मतारीख काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर आतली माहिती तशीही पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळी जाते, हे लक्षात ठेवा. चेहरे ओळखणारी सोय किशोर-किशोरींच्या फोल्डरांवर बंदच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सूर मारताना, पडताना काढलेले फोटो निवडताना एखाद्या बाईमाणसाने पाहिल्याशिवाय बाहेर सोडू नका. तुमच्या सहांत कुणी बाई आहे का?

निदानरेषा
नव्हती. आता मास्तरांच्या पत्नी बसणार आहेत, त्या स्वतः राज्य पातळीवर खेळल्या आहेत.

निदानरेषा
मंडळी, अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय. सगळ्या डिस्कची दुसरी प्रत झाली, तिसरी प्रत मास्तरांच्या गावी गेली. ३ लाख १० हजार फोटो डिजिकॅममध्ये आले. दोन स्पर्धा गुणपत्रकाच्या फोटोने सुरू केल्या. त्यातला कुठलाही फोटो आता मिनिटाच्या आत निघतो.

पण २०११ ते २०२३चे फोटो मुकेच होते. गुणपत्रकं नाहीत, चेस्ट नंबर घामाने सुटलेले. म्हणून आम्ही जिल्ह्याच्या जुन्या गुणलेखककाकांकडे गेलो. वय ७६. अडतीस वर्षं टेबलावर बसले. दर रविवारी टीव्हीला लॅपटॉप जोडतो, काका खुर्ची पुढे ओढून घेतात, चष्मा कपाळावर. मी फोटो पुढे सरकवतो, बाजूला आवाज रेकॉर्ड करतो, मास्तर टाइप करतात.

पहिल्या रविवारी एक फोटो आला. चढाईपटू पाठमोरा, निदानरेषेवर, चेहरा दिसतच नाही. आम्ही पुढे जाणार तोच काका म्हणाले, ‘थांब. हा धाकटा. उजवी टाच उचलून मगच बोनसला जातो, थोरला कधी टाच उचलत नव्हता.’ आम्ही दोन वर्षं त्या मालिकेतले फोटो थोरल्याच्या नावाने देत होतो. स्पर्धेचे २१२ फोटो पुन्हा पाहिले. काका म्हणाले तसंच निघालं, ६४ फोटो धाकट्याचे. तो आता ट्रक चालवतो. त्याला फोन केला तर पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाला, ‘माझा एकही फोटो नाही असंच मला वाटत होतं.’ सगळे ६४ त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवले.

आतापर्यंत अकरा रविवारांत चार हजारांवर फोटोंना नावं मिळाली.

जोडाक्षर
आवाजाच्या फाइली जपा. आणि ओळी बदलताना जुनी ओळ पुसू नका. सूचनांच्या रकान्यात लिहा: आधी काय होतं, कुणी बदललं, कशावरून, कधी. उद्या थोरल्याच्या घरचे विचारतील तेव्हा उत्तर देता आलं पाहिजे. जिथे काकांनाही खात्री नाही तिथे ‘बहुधा’ हा वेगळा शोधशब्द टाका.

निदानरेषा
‘बहुधा’ आजच टाकतो, तसे तीनेकशे असतील. येत्या रविवारी काकांनी स्वतःचा पत्र्याचा डबा काढून ठेवायचं कबूल केलंय. त्यात १९८०-९०च्या दशकातल्या कृष्णधवल निगेटिव्ह आणि गुणपत्रकांच्या कार्बन प्रती आहेत. निगेटिव्ह घरच्या घरी स्कॅन करायचा चांगला मार्ग कुणाला माहीत आहे का? काहींना चिकटपणा आलाय, एकमेकींपासून सोडवताना भीती वाटते.

रातपाळी
ओढून सोडवू नका. डबा आहे तसा घेऊन या, मी रविवारी तुमच्याकडे येतो.